एकाच संगणकात दोन चुली : सेमूर क्रे यांची वाटणी आणि पुण्यातले पावसाचे गणित

विश्लेषण । डिजिटल डेस्क, रत्नागिरी

पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. मिरकरवाडा बंदरातल्या नौका या काळात शाकारून ठेवलेल्या असतात. बंदी उठली की नांगर उचलण्याआधी पहिली नजर जाते ती मोबाइलवरच्या इशाऱ्याकडे. यलो की ऑरेंज, वारा किती, समुद्र खवळलेला राहणार का? हा इशारा हवामान खाते देते, पण त्यामागचे प्रचंड गणित २०१८ पासून काही वर्षे पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ‘प्रत्यूष’ नावाच्या महासंगणकावर होत होते. नाव संस्कृत, पण यंत्राची जात ‘क्रे एक्ससी-४०’.

हे क्रे कोण? सेमूर क्रे. महासंगणकाचा जनक अशी त्यांची ओळख सांगितली जाते. २८ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली. आज क्लाउड, सर्व्हर, महासंगणक या सगळ्यांत एक गोष्ट सर्रास होते. एकाच यंत्रातले प्रोसेसर वाटून घेऊन त्यावर एकाच वेळी वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवल्या जातात. या वाटणीचा इतिहास समजून घ्यायचा तर क्रे यांच्या आयुष्यातून जाणारी वाट सोपी आहे. मजा म्हणजे गणिताची वाटणी या माणसाला फारशी आवडत नव्हती.

आधी वाटणी म्हणजे काय ते पाहू

अनेक विद्यार्थी लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकतात. पण तिथे संगणक सुरू करताना एकच निवडावी लागते. दुसरी हवी तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे. ही डिस्कची वाटणी झाली. यंत्र मात्र दर वेळी एकाच सिस्टिमच्या ताब्यात.

आपण बोलतोय ती वाटणी वेगळी. समजा एका मोठ्या संगणकात आठ प्रोसेसर आहेत. त्यातले पाच, निम्म्याहून जास्त मेमरी आणि काही डिस्क एका सिस्टिमला दिल्या. उरलेले तीन प्रोसेसर, उरलेली मेमरी दुसरीला. दोन्ही एकाच वेळी सुरू. कोकणात भाऊ वेगळे होतात तेव्हा घर एकच राहते, मधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना दोन चुली पेटतात. विहीर सामाईक, खळे सामाईक, पण एकाच्या चुलीवरचे दूध उतू गेले म्हणून दुसऱ्याचा भात करपत नाही.

हा खटाटोप कशाला? मोठ्या संगणकाची किंमत कोटींत असते. जुनी सिस्टिम सोडून नवी घ्यायची म्हटले तर वर्षानुवर्षे लिहिलेले प्रोग्रॅम एका रात्रीत बदलता येत नाहीत, म्हणून काही काळ दोन्ही चालवाव्या लागतात. एका भागात बिघाड झाला तर दुसरा चालू राहावा हे एक कारण. गोपनीय काम आणि साधे काम एकमेकांपासून तोडून ठेवायचे हे आणखी एक, आणि आपल्या देशाच्या दृष्टीने हेच पुढे सगळ्यांत महत्त्वाचे ठरले.

चिपेवा फॉल्सचा मुलगा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात चिपेवा फॉल्स नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९२५ मध्ये क्रे यांचा जन्म झाला. वडील सिव्हिल इंजिनीअर. मुलाचा यंत्रांचा नाद पाहून घरच्यांनी तळघर त्याच्या प्रयोगांना देऊन टाकले. दहाव्या वर्षी त्याने खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या जोडून एक यंत्र केले. कागदी पट्टीवरची भोके वाचून ते मोर्सच्या कडकट्टात संदेश देई.

१९४३ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यात रेडिओ ऑपरेटर म्हणून भरती झाली. आधी युरोप, मग फिलिपिन्स. तिथे जपानी संदेशांचा उलगडा करणाऱ्या तुकडीत त्यांनी काम केले. परतल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात एमए किंवा एमएस्सीच्या तोडीची पदव्युत्तर पदवी घेतली.

नोकरी लागली सेंट पॉलच्या इंजिनीअरिंग रिसर्च असोसिएट्समध्ये. ही कंपनी युद्धकाळात नौदलासाठी सांकेतिक संदेश फोडणाऱ्या मंडळींनी काढलेली. पुढे कंपनी विकली गेली, मालक बदलले, कागदपत्रे वाढली. तिथलेच विल्यम नॉरिस १९५७ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, अर्थात सीडीसी, सुरू केली. हातातले नौदलाचे काम संपवून क्रेही त्यांच्याकडे गेले.

व्हॅक्यूम ट्यूबचा जमाना संपत होता. क्रे यांनी सीडीसी १६०४ हा पूर्ण ट्रान्झिस्टरचा संगणक बांधला, १९६० मध्ये तो ग्राहकांकडे पोहोचला. त्याच सुमारास टेबलाएवढा छोटा सीडीसी १६० झाला. त्याचा आराखडा त्यांनी एका लांबलेल्या शनिवार-रविवारात पुरा केला असे सांगितले जाते.

ही दोन नावे लक्षात ठेवायला हवीत, कारण दोन्हींचे वंशज मुंबईत आले.

कुलाब्यात आलेली जोडी

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) भारतीय अभियंत्यांनी स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये सुरू झाला होता. ४० बिटांचा शब्द, २,०४८ शब्दांची मेमरी. भौतिकशास्त्रज्ञांची भूक मात्र वाढत होती. १९६४ मध्ये अमेरिकी मदतीतून तिथे सीडीसी ३६०० आणि १६०-ए ही जोडी बसली. ३६०० हे १६०४चेच वाढवलेले रूप, आणि १६०-ए त्या टेबलाएवढ्या यंत्राचे. देशभरातले संशोधक त्यावर गणिते करून घ्यायला येत.

एक थोरला, एक धाकटा अशी ही जोडी का? थोरल्याचा प्रत्येक क्षण महाग. पंच कार्ड वाचणे, टेपवर उतरवणे, छपाई करणे ही कामे सावकाश होतात. थोरला कार्डवाचकाकडे डोळे लावून बसला तर वेळ वाया जातो. म्हणून त्या काळी अशी वरकामे धाकट्यावर सोपवण्याची पद्धत होती. क्रे यांच्या डोक्यात तोवर हीच कल्पना पुढे सरकली होती. धाकटा बाहेर का ठेवायचा, थोरल्याच्या पोटातच का नाही?

दहा धाकटे, एक थोरला

कंपनी मोठी झाली की बैठका वाढतात. क्रे यांना त्याचा वीट आला. त्यांनी नॉरिस यांच्याकडे मागणी केली आणि १९६२ मध्ये आपल्या गावी, घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, प्रयोगशाळा हलवली. दूरध्वनी कमी, पाहुणे कमी. तिथे तयार झालेला सीडीसी ६६०० ऑगस्ट १९६३ मध्ये जाहीर झाला. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर यांनी त्यानंतर आपल्या अधिकाऱ्यांना धाडलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. झाडूवाल्यासकट ३४ माणसांच्या प्रयोगशाळेने आपल्याला मागे टाकलेच कसे, असा त्याचा रोख होता.

६६०० सेकंदाला सुमारे ३० लाख सूचना पाळू शकत असे. आयबीएमच्या तोवरच्या सर्वांत वेगवान ‘स्ट्रेच’च्या साधारण तिप्पट. त्यात सुमारे चार लाख ट्रान्झिस्टर होते आणि ते इतके दाटीवाटीने बसवले होते की गार ठेवायला फ्रीऑन खेळवावा लागे. वेगाची ही बाजू नेहमी सांगितली जाते. आपल्या विषयासाठी महत्त्वाची बाजू वेगळी आहे.

६६००चा मुख्य प्रोसेसर फक्त गणित करायचा. कार्ड, टेप, डिस्क, छपाई यांना तो हातच लावू शकत नव्हता, त्यासाठीची सूचनाच त्याला दिलेली नव्हती. ती कामे दहा छोट्या प्रोसेसरकडे होती. प्रत्येकाला ४,०९६ शब्दांची, १२ बिटांची, स्वतःची मेमरी. आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा बहुतेक भाग या छोट्यांवरच चाले. एकावर मुकादम प्रोग्रॅम कायम बसलेला. कोणाचे काम आधी, कोणाचे नंतर हे तो ठरवी. दुसरा एक ऑपरेटरच्या पडद्यासाठी राखीव. बाकीचे पडेल ते काम करत. मुख्य प्रोसेसरला कारभाराशी देणेघेणे नाही. मुकादमाने इशारा केला की तो एका झटक्यात हातातले गणित खाली ठेवी आणि दुसरे उचली.

यात आणखी एक गंमत होती. दहा छोटे प्रोसेसर खरे तर पूर्ण दहा नव्हते. प्रत्येकाची मेमरी आणि नोंदी वेगळ्या, पण बेरीज-वजाबाकी करणारा सांगाडा एकच. तो प्रत्येकाला १०० नॅनोसेकंदांची पाळी देत फिरत राही. रहाटगाडग्यासारखे. चाक एक, गाडगी दहा, आणि प्रत्येक गाडगे दर फेरीला एकदा पाण्याला लागणार. छोट्या प्रोसेसरसाठी लिहिणाऱ्याला मात्र आपल्याकडे पूर्ण यंत्र आहे असेच वाटे. एका यंत्राची अनेक यंत्रे भासवणे ही आजच्या वाटणीची मूळ युक्ती, आणि ती इथे १९६४ मध्ये लोखंडात उतरलेली दिसते.

मेमरीतही कुंपण होते. एकाच वेळी अनेकांचे प्रोग्रॅम मेमरीत असत. प्रत्येकासाठी दोन आकडे ठेवलेले : तुझी जागा इथून सुरू, आणि इतकी लांब. प्रोग्रॅमने त्या हद्दीबाहेर पाऊल टाकले की यंत्र त्याला थांबवी. सातबाऱ्यावर जसे गट आणि क्षेत्र, तसेच. इंजिनीअरिंगच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ‘बेस’ आणि ‘लिमिट’वर हमखास एक प्रश्न असतो, त्याचे हे जुने घर.

त्याच काळात आयबीएमकडे दुसरी वाट शोधली जात होती. यंत्राच्या वर एक पातळ थर लिहायचा आणि प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण संगणकाचा आभास द्यायचा. १९७२ मध्ये हा प्रकार व्हीएम/३७० या नावाने बाजारात आला. आजच्या क्लाउडमधल्या ‘व्हर्च्युअल मशिन’ त्याच वाटेने आल्या. क्रे त्या वाटेला गेले नाहीत. मधला प्रत्येक थर वेळ खातो, आणि वेळ खाणारी कोणतीही गोष्ट त्यांना नको होती.

चार प्रोसेसरचा डाव फसला

१९६९ मध्ये ७६०० आला. त्यानंतर क्रे यांनी ८६०० हाती घेतला. त्यात चार प्रोसेसर एकत्र चालवायचे होते. ते जमले नाही. सुटे भाग इतके दाट बसवले होते की उष्णता बाहेर काढता येईना, आणि हजारोंमधला एखादा भाग सतत बिघडे. नवे सगळे आराखडे टाकून पहिल्यापासून सुरुवात करू, असे त्यांनी कंपनीला सुचवले, पण तेवढे पैसे कंपनीकडे नव्हते. १९७२ मध्ये ते बाहेर पडले आणि चिपेवा फॉल्समध्येच क्रे रिसर्च सुरू केली. नॉरिस यांनी मन मोठे करून या नव्या कंपनीला भांडवलही दिले. आपल्याकडच्या भागीदाऱ्या तुटतात तेव्हा असे क्वचित होते.

क्रे-१ मध्ये त्यांनी पुन्हा एकच प्रोसेसर ठेवला, पण काय प्रोसेसर! एका सूचनेत ६४ संख्यांची अख्खी रांग उचलून तिच्यावर एकदम गणित करणारा. १२.५ नॅनोसेकंदांचा ठोका. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा चार मीटरही पोहोचत नाही, मग तारेतला संदेश त्याहून मागेच. म्हणून कुठलीही तार चार फुटांपेक्षा लांब ठेवायची नाही असा नियम केला आणि त्यासाठी यंत्राला इंग्रजी ‘सी’ अक्षराचा गोल आकार दिला. भोवती गादीचा बाक. त्या बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा दडवलेली. पाहुण्यांना वाटे, बसायची सोय केलीय. वजन पाच टनांवर.

पहिले यंत्र १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत गेले. पुढच्या वर्षी एक बोल्डरच्या वातावरण संशोधन केंद्रात, १९७८ मध्ये एक युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्रात. म्हणजे पहिल्या तीन वर्षांतच दोन गिऱ्हाइके ठरली. एक बॉम्बचे गणित करणारे, दुसरे पावसाचे. दोघांचे समीकरण वायू आणि द्रवांच्या हालचालीचे, त्यामुळे एकासाठी विकलेले यंत्र दुसऱ्याच्या कामी येते. पुढे भारताला भोगावे लागले ते यामुळेच.

क्रे यांना सॉफ्टवेअरमध्ये कमी रस होता. यंत्र वेगवान दिले की ज्याला हवे तो आपली व्यवस्था लिहून घेईल, असा काहीसा खाक्या. कंपनीने सीओएस नावाची सिस्टिम दिली, तर अण्वस्त्र प्रयोगशाळांनी सीटीएसएस ही स्वतःची वापरली. एकाच जातीच्या यंत्रावर जागोजागी वेगळी सिस्टिम, पण एका यंत्रात एका वेळी एकच.

भाडेकरू घरात आला

कंपनीच्या कारभारातून क्रे १९८० च्या सुमारास बाजूला झाले आणि स्वतंत्र कंत्राटदार म्हणून पुढच्या यंत्राच्या मागे लागले. दरम्यान स्टीव्ह चेन या अभियंत्याने क्रे-१ची सुधारणा करता करता दोन प्रोसेसर एकाच मेमरीला जोडले. १९८२ मध्ये क्रे एक्स-एमपी बाजारात आला आणि खूप खपला. पुढे त्यात चार प्रोसेसरही झाले. ८६०० मध्ये क्रे यांना न जमलेली गोष्ट त्यांच्याच कंपनीत दुसऱ्याने करून दाखवली.

क्रे यांचा स्वतःचा क्रे-२ आला १९८५ मध्ये. चार प्रोसेसर, आणि सगळे यंत्र पारदर्शक, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले. त्यात गणित करणारे चार आणि कारभार पाहणारा एक वेगळा, अशी मांडणी होती. ६६००चेच तत्त्व. या यंत्रासाठी कंपनीने युनिक्सवर आधारलेली युनिकॉस ही नवी सिस्टिम आणली.

आता पेच पडला. एक्स-एमपी घेतलेल्या गिऱ्हाइकांचे सगळे काम सीओएसवर होते. युनिकॉसकडे जायचे तर होते, पण हवामानाचा अंदाज एक दिवससुद्धा थांबवता येत नाही. तेव्हा कंपनीने सीओएसमध्ये ‘पाहुणी सिस्टिम’ची सोय केली. सीओएस यंत्राची मालकीण. तिला एक नेहमीसारखे काम सोपवायचे, आणि ते काम म्हणजे युनिकॉस सुरू करणे! मग यंत्रातले काही प्रोसेसर, मेमरीचा एक तुकडा आणि काही डिस्क युनिकॉसच्या वाट्याला जात. ती सिस्टिम स्वतंत्र यंत्रावर चालावी तशीच चाले. फरक एवढाच की थेट हार्डवेअरशी बोलायच्या काही ठिकाणी तिला सीओएसमार्फत विनंती करावी लागे. वाड्यातल्या भाडेकरूची खोली स्वतंत्र, स्वयंपाक स्वतंत्र, पण पाण्याच्या मोटरचे बटण मालकिणीच्या ओटीवर. अशी पाहुणी सिस्टिम म्हणून युनिकॉस राहिली. जुने प्रोग्रॅम एकेक करून तिकडे नेले गेले आणि शेवटी मालकीणच घर सोडून गेली.

आयबीएमने १९८८ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांत हार्डवेअरच्या पातळीवर अशी वाटणी उपलब्ध करून दिली. तिथे मालकीणही नाही, घर बांधतानाच भिंती घातलेल्या.

भारताला एकच प्रोसेसर

एक्स-एमपीच्या नावापुढे दोन अंक असत. पहिला प्रोसेसरची संख्या, दुसरा मेमरी किती दशलक्ष शब्दांची ते. २४ म्हणजे दोन प्रोसेसर आणि ४० लाख शब्द. राजीव गांधी पंतप्रधान असताना भारताने मागणी केली ती २४ची. अमेरिकेला भीती होती की हे यंत्र अण्वस्त्रांच्या किंवा क्षेपणास्त्रांच्या गणितासाठी वापरले जाईल. लांबलेल्या वाटाघाटींनंतर मान्यता मिळाली ती १४ला. मेमरी तेवढीच, प्रोसेसर एक. तोही फक्त हवामानासाठी आणि देखरेखीच्या अटींसह. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो दिल्लीत मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्रासाठी बसला.

हे आकडे तांत्रिक दिसतात, पण त्यांचा अर्थ साधा आहे. दोन प्रोसेसर असते तर एक हवामानाला, एक विद्यापीठांतल्या संशोधकांना अशी वाटणी निदान कल्पनेत तरी शक्य होती. एकच असल्यावर वाटणार काय? आणि अट तर अशी की यंत्र रिकामे असले तरी दुसऱ्याने वापरायचे नाही. मधली भिंत वॉशिंग्टनने घातली होती.

त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, सी-डॅक, स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याची घडण क्रे यांच्या विचाराच्या नेमकी उलट होती. ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या, बाजारात मिळणाऱ्या साध्या चिप, प्रत्येकीला स्वतःची मेमरी, आणि शेजारच्या चिपशी बोलायला तारा. एक दमदार मिळत नाही तर पुष्कळ साधे एकत्र जुंपू, असा हिशेब.

शेत नांगरायला दोन तगडे बैल बरे की हजारभर कोंबड्या, असा दृष्टांत क्रे यांच्या नावावर सांगितला जातो. त्यांचे उत्तर अर्थातच बैल. नव्वदच्या दशकात मात्र कोंबड्यांनीच शेत नांगरून दाखवायला सुरुवात केली, आणि त्यांतला एक थवा पुण्याचा होता.

शेवटची वर्षे

१९८९ मध्ये क्रे यांचा गट मूळ कंपनीतून वेगळा झाला आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जला क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन उभी राहिली. क्रे-३ साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप वापरायचे ठरवले. वेग मिळणार होता, पण त्या बनवणे फार कठीण. शीतयुद्ध संपले होते, अण्वस्त्र प्रयोगशाळांची थैली आवळली गेली होती. १९९३ मध्ये एकच यंत्र बोल्डरच्या वातावरण संशोधन केंद्रात चाचणीसाठी पोहोचले. मार्च १९९५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

सत्तरीतला हा माणूस तरीही थांबला नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये एसआरसी नावाची नवी कंपनी काढली, आणि यावेळी चक्क पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडायचा विचार त्यांनी सुरू केला होता. २२ सप्टेंबरला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. वय ७१. बैलवाल्याच्या हातून कोंबड्यांचे यंत्र कसे झाले असते, हे पाहायचे राहून गेले. माझ्या मते संगणकाच्या इतिहासातली ही मोठी चुटपुट आहे.

फावल्या वेळात चिपेवा फॉल्सच्या घराखाली ते स्वतः भुयार खणत, ही गोष्ट त्यांच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो. यंत्र अडले की फावडे घ्यायचे.

मग पुण्यातल्या यंत्रावर त्यांचे नाव कसे?

क्रे रिसर्च त्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, सिलिकॉन ग्राफिक्सने विकत घेतली. २००० मध्ये टेरा कंपनीने ती घेऊन क्रे हेच नाव धारण केले. २०१९ मध्ये ती ह्युलेट पॅकार्ड एंटरप्रायझेसकडे गेली. माणूस गेला, नाव फिरत राहिले. त्या नावाचा एक्ससी-४० जानेवारी २०१८ मध्ये पाषाणला ‘प्रत्यूष’ झाला. क्षमता चार पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी गणिते. त्याचा जोडीदार ‘मिहिर’ नोएडाला, २.८ पेटाफ्लॉप्सचा. कधी काळी एक प्रोसेसर मोजून देणाऱ्या देशाने हजारो प्रोसेसरचे यंत्र बिनबोभाट विकले.

आत पाहिले तर ६६००ची वाटणी तिथेही सापडते. काही नोड कारभाराचे. तिथे पूर्ण लिनक्स चालते, वापरकर्ते लॉगिन करतात, फायली येतात-जातात. गणिताच्या हजारो नोडवर मात्र छाटून हलके केलेले लिनक्स. २००० च्या दशकातल्या क्रे एक्सटी-३ मध्ये हा भेद आणखी ठळक होता. कारभारी नोडवर लिनक्स आणि गणिती नोडवर ‘कॅटामाउंट’ नावाची अगदीच त्रोटक, वेगळी सिस्टिम. एकाच यंत्रात, एकाच वेळी.

हलकी सिस्टिम कशासाठी, हे रापण ओढताना पाहिलेल्या माणसाला पटकन कळेल. दोर सगळ्यांनी एका लयीत ओढायचा. एक जण तंबाखू मळायला थांबला की पूर्ण रांग थांबते. हवामानाच्या गणितात वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येक नोडला काही चौकोन दिलेले असतात. काही मिनिटांच्या हवेचे गणित झाले की शेजाऱ्याशी आकड्यांची देवाणघेवाण करायची, मगच पुढची मिनिटे. हजारातल्या एका नोडवर सिस्टिमने मध्येच किरकोळ काम काढले, तर उरलेले ९९९ नुसते वाट पाहतात. म्हणून किरकोळ कामे करणारेच वेगळे ठेवायचे.

१ जून २०१८ पासून ‘प्रत्यूष’वर आणखी एक वाटणी सुरू झाली. १२ किलोमीटरच्या चौकोनांचा जागतिक अंदाज एकदा न करता २१ वेळा करायचा, दर वेळी सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक ठेवून. यंत्राचे नोड गटागटाने वाटून द्यायचे आणि प्रत्येक गट आपले गणित करणार. २१ पैकी १८ उत्तरे मुसळधार म्हणाली तर इशाऱ्याचा रंग गडद, पाचच म्हणाली तर फिका, असे ढोबळमानाने समजता येईल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडने आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणने जे पाहिले, त्यानंतर हा रंग इथे कोणी सहज घेत नाही.

बारा किलोमीटर म्हणजे किती? मांडवीचा किनारा आणि हातखंबा तिठा यांत जेमतेम एका चौकोनाचे अंतर. किनाऱ्यावर भुरभुर आणि हातखंब्याला धो धो, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. गणिताला ते दिसणे कठीण.

‘प्रत्यूष’नंतर पाषाणला सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक आला. त्यावर क्रे हे नाव नाही. आयआयटीएमने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ त्यावर चालते. २६ मे २०२५ रोजी ती देशाला अर्पण झाली आणि तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. चौकोनाची बाजू निम्मी केली की तेवढ्याच भूभागात चौपट चौकोन होतात, वेळेचे टप्पेही लहान करावे लागतात, आणि गणित साधारण आठपट वाढते. ते वाटून घ्यायला नोड लागतात.